मधली खुर्ची

तुम्ही दोघं आईबाबांबरोबर समुपदेशकाकडे जाता आणि तिथं नुसतं बसून राहावं लागतं, अशी तुमची फोनवरची तक्रार. मलाही तसंच बसवलं होतं. मला तर संताप आला होता.

दुष्काळाची वर्षं होती. तामलवाडीच्या अलीकडच्या आमच्या गावात सहकारी दूध सोसायटी निघाली आणि तुमचे आजोबा तिचे सेक्रेटरी झाले. शेतात काही उरलं नव्हतं. गाव दुधावर जगत होतं. पण माझे सासरे, आबा, घरचं दूध डेअरीला घालू देत नव्हते.

"दूध इकणं म्हंजे पूत इकणं," ते म्हणायचे.

लोक आजोबांना टोमणे मारायचे, "सेक्रेटरीसाहेब, तुमची म्हैस भाकड हाय का?"

बापलेकांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. बापाला उलट उत्तर द्यायचं नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून उत्तर माझ्यामार्फत जायचं. दोघं ओसरीवर हातभर अंतरावर बसलेले असायचे.

"सूनबाई, सेक्रेटरीसाहेबांना सांगा, दूध जाणार न्हाय."

"आबांना सांग, गाव मला हसतंय."

दोघांनाही सगळं ऐकू यायचं. तरी मी पुन्हा म्हटल्याशिवाय ते ऐकलं असं कुणी धरत नसे. शाळेत इंग्रजीचे तास घेऊन घरी यायचं, की लगेच हे काम. माझी अर्धशिशी थांबेना. चष्मा बदलला, औषधं झाली. शेवटी मी मनाशी ठरवलं, लेकराला घेऊन माहेरी जायचं आणि परत यायचं नाही. आजोबांना तसं सांगितलंही. ते घाबरले आणि मला सोलापूरला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी घरात कोण कोण आहे ते विचारलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी सगळे या."

आबा भडकले. "डोकं तिचं दुखतंय, मला कशापायी नेता? माझ्या घरात कुणी येडं न्हाय." पण नातू माझ्याबरोबर माझ्या माहेरी जाणार हे कळल्यावर निमूट एसटीत बसले.

डॉक्टरांनी काही विचारलं की आबा माझ्याकडे वळायचे. "सूनबाई, डाक्टरला सांगा..."

डॉक्टरांनी उठून माझी दोघांमधली खुर्ची उचलली आणि खिडकीपाशी ठेवली. "बाई, तुम्ही इथं बोलायचं नाही."

कुणीच बोललं नाही. शाळेची रजा, उन्हातला प्रवास, आणि पंख्याचा आवाज ऐकत बसायचं! पुढच्या वेळीही तेच. परत येताना मी आजोबांना म्हटलं, "असं गप्प तर आपण घरीही बसलो असतो."

तिसऱ्या खेपेला डॉक्टर आबांना म्हणाले, "मुलाला एखादी गोष्ट विचारायची राहिली असेल तर विचारा."

आबांनी टोपी चाचपली. मग आजोबांकडे न बघता म्हणाले, "समदं दूध डेअरीत घातल्यावर नातवाच्या वाटीत काय घालणार?"

नातू म्हणजे तुमचा बाबा. तेव्हा दुधावरच होता.

"आबा, घरचं ठेवूनच उरलेलं घालायचं," आजोबा म्हणाले. "लेकराचं दूध मी विकीन का?"

"मग हे आधी का सांगितलं न्हाईस?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीचा गज घट्ट धरला. हेच वाक्य मी आबांना कितीदा सांगितलं होतं! ओसरीवर, जेवताना, गोठ्याच्या दारात. पण माझ्या तोंडून आलं की ते सुनेचं शहाणपण व्हायचं. मुलाचा शब्द त्यांना मुलाच्याच तोंडून हवा होता. एवढं कळायला माझं निम्मं डोकं खर्ची पडलं.

दुसऱ्या दिवशी म्हशीची धार काढताना घरचं दूध किती ठेवायचं यावर दोघांचं जुंपलं. "सूनबाई, त्याला सांगा," आबा गोठ्यातून ओरडले. मी पीठ चाळत होते, चाळत राहिले. पुन्हा हाक आली. डोकं ठणकत होतंच.

शेवटी आबा म्हणाले, "आरं, तांब्या भरून ठेव, कंजुषा!"

"भरतोय की, आबा!" आजोबाही तेवढ्याच जोरात ओरडले.

भांडण चांगलं लांबलं. मी पीठ चाळून संपवलं आणि माहेरी न्यायला बांधलेलं लेकराच्या कपड्यांचं गाठोडं सोडलं.

म्हणून तुम्ही दोघं आईचा निरोप बाबाला आणि बाबाचा आईला सांगू नका. खुर्ची खिडकीपाशी घ्या आणि कंटाळत बसा.