एका बधन्याचं पाणी आणि आमची टाकी

"त्या पोरीले सांगा, रील आत्ताच्या आत्ता डिलीट कर!" प्राचार्यांनी मोबाईल माझ्यासमोर टेबलावर आपटला.

मी मलकापूरच्या एका कॉलेजात पर्यावरण शिकवतो. ग्रीन ऑडिट तोंडावर आलं होतं. ग्रीन ऑडिट म्हणजे कॉलेज पाणी, वीज किती उधळतं याची तपासणी. प्रत्यक्षात फाइल जाड आहे ना, एवढंच बघतात. ती जाड व्हावी म्हणून प्राचार्यांनी रील स्पर्धा काढली. ज्याला लाइक जास्त, त्याला विद्यापीठाच्या हवामान शिबिराची शिफारस.

एकाने प्लास्टिकच्या पिशवीसकट कडुनिंब लावला. मागे गाणं मात्र धरतीमातेचं. दुसऱ्याने सायकल चालवली आणि शूटिंग संपल्यावर बुलेटवर घरी गेला.

बीएस्सीच्या नसरीनच्या रीलमध्ये फक्त हात दिसत होते. नमाजाआधी हात, तोंड, पाय धुतात, ते वजू. तिने ते एका बधन्यात, म्हणजे तोटीच्या लोट्यात, उरकलं. वर तिचा आवाज: "आमच्यात सांगतात, वाहत्या नदीकाठी बसले तरी पाणी वाया घालवू नका." पुढच्याच दृश्यात आमच्या कॉलेजची टाकी. भरभरून वाहणारी. खाली चिखल, चिखलात 'पाणी वाचवा'चा बोर्ड. लाइक सगळ्यात जास्त.

"सर, यात खोटं काय आहे?" मी विचारलं.

"खरं आहे म्हणून तं डिलीट करायचं!"

नसरीनला बोलावलं. शिबिरासाठी तिने अब्बांना कसंबसं राजी केलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्यात तिच्याच मोहल्ल्यातली पोरं कमेंट करत होती, "दीन को रील मत बनाओ," म्हणजे धर्माची रील करू नको. तिने उत्तर दिलं होतं, "पहले नल बंद करो भाई, फिर लिखो."

"शिफारशीवर माही सही लागते, ध्यानात ठेव," प्राचार्य म्हणाले.

नसरीन तरीही बोलली. "टाकी थांबवा सर. रील बी थांबते."

टाकीच्या फ्लोटसाठी, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणाऱ्या गोळ्यासाठी, मी दोन वर्षं अर्ज करत होतो. दर वेळी उत्तर, "बघू." त्या दिवशी प्लंबर जेवणाच्या सुट्टीआधीच टाकीवर चढला.

नसरीनने शब्द पाळला, रील काढली. संध्याकाळी प्राचार्यांचीच रील आली. टाकीखाली उभे, अंगात जॅकेट, मथळा 'आमची दूरदृष्टी'. पहिली कमेंट नसरीनची: "माशाअल्लाह सर. आता मुलींच्या बाथरूमचे नळ."

दुसऱ्या दिवशी शिफारशीवर सही झाली. शिबिराचे दिवस तरी पोरगी कॉलेजबाहेर राहील, हे कारण प्राचार्यांनी मला स्वतःच सांगितलं.

मी आता अर्ज लिहीत नाही. काही गळत असलं की वर्गात सहज सांगतो, कुठे गळतं ते.