यादीत न बसणारा खून

आमच्या राज्यात फाशी आहे, पण ती कुठल्याही खुनाला होत नाही. कायद्यात यादी आहे. पोलिसाला मारलं, दरोडा घालताना मारलं, सुपारी घेऊन मारलं तर फाशी होऊ शकते. दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी लावण्यावरून भांडण झालं आणि समोरच्याने गोळी घातली, तर तो खून त्या यादीत बसत नाही. हे मला समोरच्या घरातल्या काकांचा मुलगा तसा गेला तेव्हा कळलं. तोवर इतकी वर्षं इथे परदेशात राहून मला कायदा म्हणजे व्हिसा आणि टॅक्स एवढाच ठाऊक होता.

गोळी लागली तेव्हा त्याची सहा वर्षांची मुलगी मागच्या सीटवर बसलेली होती.

दहाव्याचे विधी त्यांच्याच बॅकयार्डमध्ये झाले. गुरुजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होते. पिंड गवतावर ठेवून आम्ही मागे सरकलो. इथे कावळ्यांना तोटा नाही, कुंपणावर चांगले तीन-चार बसले होते, पण एकही खाली उतरेना. मग आपल्या रीतीप्रमाणे एकेक जण वचन देऊ लागला. चुलतभाऊ म्हणाला, वहिनीला अंतर देणार नाही. मित्राने मुलीच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. कावळे ढिम्म. शेवटी काका पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "त्याला फासावर चढवल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही." आणि कावळा शिवला. मी असल्या गोष्टी मानणारी नाही. त्या दिवशी मानल्या, आणि मला बरं वाटलं हेही सांगून टाकते.

पुढे मारणाऱ्याने गुन्हा कबूल केला. खटला चाललाच नाही, त्याला मरेपर्यंत तुरुंग झाला. काकांचं अन्नपाणी सुटलं. ते निवृत्त हेडमास्तर, आयुष्यात दिलेला शब्द कधी न मोडलेले. आणि इथे मेलेल्या मुलाला दिलेला शब्द मोडला, असं त्यांच्या डोक्यात बसलं.

अशातच विधानसभेत बिल आलं. पोटच्या लहान मुलासमोर आईला किंवा बापाला मारलं, तर तो खूनही फाशीच्या यादीत घालायचा. इथल्या आमच्या मराठी मंडळाला जोर चढला. गणपतीत आरतीच्या रांगेतच बिलाच्या बाजूने सह्या घेतल्या, मीही केली. बिलावर लोकांचं म्हणणं ऐकणाऱ्या कमिटीपुढे काकांनी बोलावं असं ठरलं आणि दुभाषी म्हणून मला धरलं. मी त्यांना आधीच सांगितलं होतं की नवा कायदा मागच्या गुन्ह्याला लागत नाही. ते म्हणाले, माहीत आहे, याला नाही तर याच्यासारख्या पुढच्याला, माझा शब्द आता तेवढाच पाळता येईल.

सून या सगळ्यात गप्प होती. मला तिचा थोडा रागही यायचा. राजधानीला निघायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले, तर ती ओट्यापाशी थर्मासमध्ये चहा भरत होती. हातातलं काम न थांबवता तिने काकांना सांगितलं, "बाबा, तेव्हा फाशी शक्य असती ना, तर त्याने गुन्हा कबूल केला नसता, ट्रायल झाली असती. मला सरकारी वकिलांनी सांगितलं होतं. आपली मुलगी गाडीत होती, तिने बघितलं, हे प्रूव्ह करायला तिला कोर्टात बसवून विचारलं असतं. पुन्हा अपील, पुन्हा तेच. फाशी नव्हती, म्हणून ती सुटली."

काकांनी कोट घातला, थर्मास घेतला आणि गाडीत येऊन बसले. राजधानीपर्यंतच्या रस्त्यात मी दोनदा विचारलं, परत फिरूया का? त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

कमिटीच्या खोलीत सगळे फार सौजन्याने वागले. काकांनी मराठीत सांगितलं की मुलगा गेला, नातीने पाहिलं, मी बाप म्हणून आलोय. मी इंग्रजीत सांगत गेले. मग ते म्हणाले, यादीत हा खून घाला, पण त्या लेकराला कुणी काही विचारू नका. एका बाईंनी हळूच विचारलं, "मग ते मूल तिथे होतं, त्याने पाहिलं, हे सिद्ध कसं करायचं?" मी भाषांतर केलं. अध्यक्षांनी शेवटी विचारलं की नोंद कशी करू, बाजूने की विरोधात.

काका माइक धरून उभे होते. माझ्या मनात बाजूनेच होतं, अजूनही कधीकधी असतं. त्या माणसाचा विचार आला की माझं रक्त उसळतं. मग काकांनी माझी वाट न बघता स्वतःच इंग्रजीत सांगितलं, "अगेन्स्ट." बाहेर मंडळाचे लोक उभे होते, त्यांच्यापैकी कुणीही काकांकडे बघितलं नाही.

गाडीत ते म्हणाले, "पोराला दिलेला शब्द मी आज माझ्या तोंडाने मोडला." थर्मासमधला चहा तसाच राहिला.

बिल पास झालं. नात आता तिसरीत आहे. आजोबांना शाळेतलं सगळं इंग्रजीत सांगते, ते मराठीत उत्तरं देतात. त्या दिवशी मागच्या सीटवरून तिने काय पाहिलं, ते आम्हा कुणालाच माहीत नाही. काका कुणाला विचारू देत नाहीत.