आक्कांचा राब आणि आमची सेमीफायनल

दुसऱ्या सेटमध्ये स्कोअर चार-तीन असताना अंपायरने खेळ थांबवला. एक खेळाडू खोकत होता, दुसरा डोळे पुसत होता. कोर्टावर धूर पसरला होता.

मुळशीतल्या एका अकादमीत पुरुषांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा होती आणि मी टूर्नामेंट डायरेक्टर. पद भारदस्त वाटतं. काम म्हणजे खेळ सोडून बाकी सगळं बघणं: पाणी, जनरेटर, ॲम्ब्युलन्स, गाड्या. आमची कोर्टं क्लेची, म्हणजे लाल मातीची. फ्लडलाइट नाहीत.

सुपरवायझर धावत आले. सुपरवायझर म्हणजे स्पर्धा नियमाने चालली आहे का हे बघायला बाहेरून नेमलेला अधिकारी. पुढच्या वर्षी स्पर्धा मिळणार की नाही, हे त्याच्या रिपोर्टवर ठरतं. हे चेन्नईचे होते.

"मॅडम, फायर ब्रिगेड?"

"आग नाही सर, राब आहे."

"व्हॉट इज राब?"

मी सांगितलं. भाताची रोपं जिथे करायची, त्या वाफ्यावर शेण, पाला, फांद्या रचून जाळतात. माती भाजली की तण मरतं. इथे दर उन्हाळ्यात घरोघरी हेच चालतं.

"मॅच आज संपली पाहिजे," ते म्हणाले. दुसरी सेमीफायनल सकाळीच झाली होती. ही लांबली असती, तर यातला विजेता उद्या सकाळी उरलेला सामना आणि दुपारी फायनल खेळला असता, तेही आरामात झोपून आलेल्या माणसाशी. "हे मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल." स्वर अगदी सभ्य होता.

मी कुंपणापलीकडे गेले. शेत आक्कांचं. नाकाला पदर बांधून, हातात काठी घेऊन त्या जाळ सारखा करत होत्या. सोबत मुलगा दिलीप. तो हिंजवडीत कंपनीची कॅब चालवतो.

"आक्का, धूर थांबवता येईल का? आमची मॅच अडकलीय."

"माजा राब न्हाई अडकला. चांगला पेटलाय."

"पाणी मारलं तर?"

"मारा की. मंग वर्साचं भात बी तुमीच आनून टाका घरात."

दिलीप हसला. मला हसू आलं नाही, पण मुद्दा कळला. अर्धवट भाजलेला, भिजलेला वाफा कामाचा नाही. हा जळून जाऊ द्यायला हवा होता. तेवढा उशीर परवडला असता. खरी अडचण म्हणजे पलीकडे आणखी तीन वाफे रचून तयार होते.

"ते तीन उद्या पेटवाल?"

"उद्या ह्याची ड्यूटी हाय. मी एकली भाजू? ठिनगी डोंगराच्या गवतात गेली तर कोन धावंल?"

हे बरोबर होतं. मी आमच्या हेड ग्राउंड्समनला, बबनला, फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बबन, तुम्हा लोकांना राब भाजता येतो का?"

"मॅडम, टेनिसचं नेट बघायच्या आदी तेच शिकलोय."

"आक्का, उद्या फायनल झाली की माझी सगळी माणसं तुमच्याकडे. पाण्याच्या पाइपांसकट."

"फायनल कवा संपती?"

"टेनिसमध्ये तसं सांगता येत नाही."

"मंग तुमचा शब्द कसा धरू?"

"शेवटचा पॉइंट झाला की लगेच. बक्षीस समारंभ नंतर."

आक्कांनी काडेपेटी कमरेला खोचली. "व्हय. पन मी येऊन बसनार हाय."

तो एक वाफा विझेपर्यंत खेळ बंद राहिला. क्ले वाळली की चेंडू वेडावाकडा उडतो, म्हणून बबनने पुन्हा पाणी शिंपडलं, जाळी ओढून माती सपाट केली. एका खेळाडूने मला विचारलं, याला जबाबदार कोण? मी त्याला लिंबू सरबत दिलं.

धूर विरला. खेळ सुरू झाला. डोंगराची सावली अर्ध्या कोर्टावर आली असताना मॅच संपली. मी दुपारपासून पहिल्यांदा खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी फायनलच्या तिसऱ्या सेटला आक्का आल्या आणि थेट स्पॉन्सरच्या खुर्चीत बसल्या. हातात कोयता. खेळाडू सर्व्हिसला उभा राहिला, सगळीकडे शांतता.

"अजून किती?"

"क्वाएट प्लीज," अंपायर माइकवर म्हणाला.

"आक्का, इथे बोलायचं नसतं," मी कुजबुजले.

"मंग उरका की लवकर."

सेट टायब्रेकरपर्यंत गेला. शेवटचा चेंडू बाहेर पडला, जिंकलेला पोरगा आनंदाने मातीत उताणा झाला आणि आक्का उठल्या.

"पडला नव्हं एकजन? झालं मंग. चला रं."

बबन आणि मंडळी पाइप खांद्यावर टाकून गेली. बक्षिसांची टेबलं मी आणि सुपरवायझरांनी उचलून आणली. विजेत्याच्या फोटोत मागे धूर आहे. त्याला तो स्पेशल इफेक्ट वाटला. त्या दिवशी मी कुणाचाही गैरसमज दूर केला नाही.

रिपोर्टमध्ये शेतीच्या धुरामुळे झालेल्या उशिराची एक ओळ आली. स्पर्धा पुन्हा मिळाली.

पोलिस, वीज, ग्रामपंचायत, हॉस्पिटल, सगळ्यांना मी आधी कळवलं होतं. कुंपणापलीकडे मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. म्हणून यंदा तारीख मागण्याआधी आक्कांकडे गेले. त्यांनी तिथूनच दिलीपला फोन लावला, "तुजी सुट्टी कवा हाय रं?"

त्याने सांगितलेला आठवडा सोडून मी तारखेसाठी अर्ज केला.