वरचे दोन बोल्ट

यांचा डावा पाय गुडघ्याखालून काढला तेव्हा हे अडतीस वर्षांचे होते. अंगात साखर होती, ती आम्हाला ठाऊकही होती. पण टाचेत शिरलेला बाभळीचा काटा दुखलाच नाही, म्हणून कुणी बघितला नाही. त्याआधी हे शहापूर-किन्हवली रस्त्यावर टेम्पो चालवायचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळे घर अडलं नसतं. पण घरी बसलेले हे मला बघवत नव्हते. सकाळी शाळेला निघताना ओट्यावर, संध्याकाळी परतताना त्याच जागी. समोरून एखादी गाडी गेली की म्हणायचे, "क्लच गेलाय त्याचा." दिवसभरात तेवढंच बोलणं.

मुरबाडला यांचा एक मित्र होता, गॅरेजवाला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी तो एकदा मोटरसायकलवरून आला आणि हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागला. "एका कंत्राटदाराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्यात. एक जपानी पिकअप हाय. चारी चाकं ओढतात. पण कोणी हात लावत नाय तिला, क्लचच नाय. गिअर आपोआप पडतो."

यांनी मान वर केली. "क्लच नाय?"

"नाय. उजवा पाय पुरे."

ती गाडी घरी आली त्या दिवशी यांनी जयपूर फूट बांधला, दाढी केली आणि मला शेजारी बसवून आसनगावपर्यंत नेऊन आणलं. लग्नानंतर एवढी बडबड मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पुढची दोनेक वर्षं हे डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यांवर जायचे. जिथे टेम्पो चढत नव्हता तिथे ही गाडी चढायची. गवताच्या गठड्या, पत्रे, सिमेंट, लग्नाची भांडी, कधी आजारी माणूस. पण तिचा गिअरबॉक्स ओझ्याला हलका होता. चढावर इंजिन नुसतं गरगरायचं आणि चाकं जागच्या जागी. आतलं तेल कुंकवासारखं लाल असायला हवं. ते काळं पडून करपल्याचा वास यायला लागला होता.

एका लग्नाला भांडी आणि सातआठ बाया घेऊन चढताना गाडीने मध्येच ओढणं सोडलं आणि ती मागे सरकायला लागली. यांनी ब्रेक दाबून, स्टिअरिंगचं चाक वळवून ती बांधाला टेकवली. पण एक म्हातारी घाबरून खाली उडी मारायला गेली आणि तिचं मनगट मोडलं. त्या आजींनी यांना बोल लावला नाही. उलट म्हणाल्या, "पोरा, तुझा काय दोष?" यांना तेच लागलं. घरी येऊन म्हणाले, "आता या गिअरबॉक्सच्या भरवशावर माणूस बसवायचा नाय."

मित्र म्हणाला, "साधा गिअरबॉक्स टाकू, क्लचवाला. इकडे कुठेपण मिळेल."

"आणि क्लच कोण मारंल? तू?"

मग दोघं कुर्ल्याच्या भंगार बाजारात खेपा घालायला लागले. चौथ्या खेपेला एका मोठ्या, मोडीत निघालेल्या परदेशी जीपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळाला. आमच्या बॉक्सच्या जवळजवळ दीडपट वजनाचा आणि चांगला वीतभर जास्त लांब. तो अंगणात उतरवला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हे काय, मेलेलं डुक्कर आणलंत?"

बॉक्स इंजिनाला थेट बसत नव्हता. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका टर्नरने लेथवर जाड लोखंडी चकती करून दिली. तिला एका बाजूने इंजिनाची भोकं जुळायची, दुसऱ्या बाजूने बॉक्सची. बॉक्स लांब, म्हणून त्याच्या मागची चारी चाकांना ओढ देणारी पेटी मागे सरकली. मग चाकं फिरवणारा मागचा शाफ्ट कापून आखूड केला, पुढचा जोड देऊन लांबवला. तेल गार राहायला रेडिएटरपुढे एक छोटी जाळी बसवली. हे सगळं आमच्या अंगणात, पत्र्याच्या मांडवाखाली, सव्वा महिना चाललं. मित्र रविवारी यायचा आणि जमेल तेव्हा मधल्या वारी. यांना गाडीखाली शिरता येत नव्हतं. हे स्टुलावर बसून सांगायचे, मोजायचे, पाना पुढे करायचे.

शेवटच्या रविवारी बॉक्स साखळी-कप्पीने उचलून जागेवर आणला. खालचे बोल्ट लागले. वरचे दोन काही लागेनात. तिथे मित्राचा पंजाच जाईना.

"माझा हात जाईल," मी म्हणाले.

"वहिनी, कपडे खराब होतील."

मी यांची जुनी पँट चढवली आणि गोणपाटावर पाठ टेकून आत सरकले. बॉक्स आणि वरचा पत्रा यांच्यामधून हात घातला, चाचपून भोक शोधलं, बोटांनी बोल्ट धरला. हे बाहेरून सांगत होते, "जोर नको करू गो. सरळ धर. आपोआप जाईल." पहिला गेला. दुसऱ्याला वेळ लागला. दमून मी मान वळवली तर यांचा उजवा पाय माझ्या डोळ्यांसमोर होता. कॅनव्हासच्या बुटावर करंगळीच्या बाजूला काळसर ओला डाग होता.

"बुटावर तेल सांडलंय तुमच्या," मी म्हणाले.

"हो, सांडलंय," हे म्हणाले. "तू बोल्टाकडे बघ."

मी बोल्टाकडे बघितलं.

दोन दिवसांनी हे गाडी घेऊन त्याच चढावर गेले. मागे सिमेंटच्या गोण्या भरल्या होत्या. मी शाळा सुटल्यावर सोबत गेले होते. गाडी एकदाही न थबकता वर गेली. वर पोचल्यावर यांनी इंजिन बंद केलं आणि चाकावर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. माझ्याकडे बघून हसले. कपाळावर घाम होता. मला वाटलं आनंदाने आला असेल, पण यांना ताप होता.

रात्री बूट काढेनात, तेव्हा मीच ओढून काढला. मोजा कातडीला चिकटला होता. करंगळी काळी पडली होती आणि तो वास मला आधीच्या पायापासून माहीत होता.

ठाण्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस झाले?" हे म्हणाले, "आठेक दिवस." महिना झाला होता. पाना पडून लागलं होतं, बॉक्सचं काम सुरू झालं त्याच आठवड्यात. घोट्याच्या वरून पाय काढावा लागला.

हे शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "का नाय सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू काम थांबवलं असतंस."

"थांबवलंच असतं."

"मग?"

मी भांडले. इस्पितळात, शेजारच्या खाटेवरची माणसं ऐकत असताना भांडले. पण मला खरा राग माझाच होता. एवढ्या जवळून मी तो पाय बघितला होता.

घरी आल्यावर गाडी पंधरा दिवस तशीच उभी होती. मग एका सकाळी हे म्हणाले, "किल्ली घे." विहारासमोरच्या मोकळ्या जागेत मी शिकले. हे शेजारच्या सीटवर, मांडीवर गोधडी. कधी ओरडले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "दोन पाय असून एकच वापरायचा, जमतंय ना?" आणि स्वतःच हसले. मला हसू आलं नाही.

पुढे मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा मी यांना डायलिसिसला कल्याणला न्यायची. शाळेतून अर्धा दिवस मिळायचा. जाताना हे गिअर पडल्याचा आवाज ऐकायचे आणि हळूच म्हणायचे, "तिसरा… आता चौथा." येताना झोपलेले असायचे. हे वर्षभर चाललं. गाडीने एकदाही दगा दिला नाही.

हे गेले ते कल्याणलाच, सकाळी, सुई लावायच्या आधी. इस्पितळातले म्हणाले, गाडीची सोय करून देतो. मी म्हणाले, गाडी आहे. मुरबाडहून मित्र आला. यांना मागे गादीवर ठेवलं, तो जवळ बसला. "वहिनी, मी चालवतो," तो म्हणाला. मी नाही म्हटलं. कुणाचा हॉर्न वाजला, कुठे सिग्नल लागला, मला काही आठवत नाही. एवढंच आठवतं की खड्डा आला की मी हळू करत होते.

घरासमोर माणसं जमली होती. मी गाडी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. लोकांनी मागचं फळकं उघडून यांना उतरवलं, आत नेलं, तरी इंजिन चालूच होतं. शेवटी जाऊबाईंनी माझ्या बाजूचं दार उघडलं, वाकून किल्ली फिरवली आणि माझा हात चाकावरून काढला.