सेपरेट हेडफोन

"सर, हा नाही हां. हा तिचा आहे."

रिया हे अगदी सहज म्हणाली. चिडून नाही, तोंड वाकडं करून नाही. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये इंग्रजीची सराव परीक्षा चालली होती. ऐकण्याचा पेपर. तिचा हेडफोन मध्येच बंद पडला. माझा पेपर संपला होता. मी माझा काढला आणि तिच्यापुढे धरला. म्हटलं, "हा घे, माझं झालं."

तिनं घ्यायला हात पुढे केला. मग तिला काहीतरी आठवलं. हात मागे घेतला आणि ओढणीला पुसला. हेडफोनला हात लागलाही नव्हता, तरी पुसला. आणि माझ्याशी न बोलता सरांशी बोलली.

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "राहू दे. तू उद्या दे पेपर."

माझा हात तसाच पुढे. वायर लोंबत होती. लॅबमध्ये कोणी हसलं नाही. कोणाला त्यात वेगळं काही वाटलंच नाही, तर हसतील कशाला? हसले असते तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

मी वडनेरकडच्या एका खेड्यातली. गावाचं नाव सांगत नाही, कारण माय अजून तिथंच राहते आणि तिथल्याच लोकांच्या वावरात निंदायला जाते. आमचं घर बौद्धवाड्यात. बाप लहानपणीच गेला. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकले, नंतर एसटीनं जाऊन-येऊन तालुक्याचं कॉलेज.

शेवटच्या वर्षाला कॉलेजनं नियम काढला. इंग्रजीची परीक्षा होणार, दोन भागांची. ऐकणं आणि वाचणं. दोन्हींत पास होईल त्यालाच कॅम्पस मुलाखतीला बसता येईल. नागपूरची एक कंपनी येणार होती, ऑफिसच्या कामासाठी मुलंमुली घेणार होती. आमच्या वाड्यातल्या बाकीच्या पोरापोरींनी परीक्षेचं नाव ऐकूनच हात जोडले. मी एकटीनं नाव दिलं. मला दुसरा रस्ताच नव्हता. नापास झाले तर वावरात मायच्या बाजूच्या ओळीत खुरपं घेऊन बसायचं, हे न सांगता ठरलेलं होतं.

वाचण्याची मला धास्ती नव्हती. एसटीत खिडकीशी बसून मी उतारे वाचायची. विमानतळाची सूचना, हॉटेलचं दरपत्रक, कुठल्याशा थंड देशातल्या म्हातारीची बाग. कधी न पाहिलेल्या गोष्टी. अडलेले शब्द तळहातावर लिहायची आणि घरी पोचेपर्यंत ते घामानं पुसले जायचे. पण पाठ झालेले असायचे.

ऐकायचं मात्र जमेना.

लॅबमधले हेडफोन भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेले असत. पोरं यायची, हाताला लागेल तो घ्यायची, तास संपला की परत टांगायची. पहिल्या दिवशी मीही भिंतीकडे निघाले तर सरांनी हाक मारली. खिडकीतून एक हेडफोन काढला. पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळलेला होता. म्हणाले, "बेटा, हा तुझा. तुझ्याशिवाय कोणी लावणार नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर बसत जा." सर बोलायला फार गोड होते. सगळ्यांनाच बेटा म्हणायचे.

मी हरखले. खोटं कशाला सांगू? जन्मात कोणी मला स्वतःची वस्तू दिली नव्हती. पुस्तकं जुनी, कपडे कोणाचे तरी उतरलेले. आणि इथं सर स्वतः उठून म्हणतात, हा तुझा. मला वाटलं, सरांना माझ्यात काहीतरी दिसलं असावं.

घरी गेल्या गेल्या मायला सांगितलं, "माय, सरनं मले एकटीले सेपरेट हेडफोन देल्ला. दुसरं कोनी लावतच नाई."

माय भाकर थापत होती. हात थांबला. "सेपरेट काऊन?"

"मी हुशार आहो म्हनून."

"बाकीचे हुशार नाईत का?"

मी चिडले. "तुले काई समजत नाई. कॉम्प्युटरचं आहे थे."

"नसन समजत," माय म्हणाली. भाकर तव्यावर टाकली. "पन वावरात आमचा पानी प्याचा गुंडबी सेपरेटच राह्यते. मालकीन म्हन्ते, बाई, हा तुमचा. तुमच्याशिवाय कोनी घेनार नाई."

मी त्या रात्री मायशी बोलणं टाकलं. अडाणी बाई, हिला सगळीकडे जातच दिसते, असं मनात म्हटलं. शिकलेल्या पोरीला आपली माय अडाणी वाटायला वेळ लागत नाही. त्या रागाच्या भरात दुसऱ्या दिवशी मी आणखीच जोरात अभ्यासाला लागले.

तर तो ऐकण्याचा अभ्यास. कॉम्प्युटरवर दोन माणसांचं बोलणं लागायचं आणि खाली प्रश्न असायचे. हेडफोन मी आयुष्यात पहिल्यांदाच लावत होते. मला नेहमी एक पुरुष बोलताना ऐकू यायचा. "येस, फॉर टू नाइट्स." मग शांतता. "नो, विदाउट शुगर." मग शांतता. "थँक यू, आय विल वेट." मला वाटायचं, हा फोनवर बोलून राहिला असेल. प्रश्न यायचा, त्या बाईनं त्याला काय विचारलं? मी म्हणायची, कोणती बाई? अंदाजानं खूण करायची आणि चुकायची. रोज चुकायची.

एकदा धीर करून म्हटलं, "सर, यात बाई बोलतच नाही."

आजूबाजूची पोरं हसली. सरही थोडे हसले. "लक्ष दे बेटा. तुमच्याकडे काय होतं, कान तयार नसतो. घरी वातावरण नाही ना. हळूहळू जमेल."

तुमच्याकडे. मी तेही ऐकून घेतलं. घरी येऊन कानात कोमट तेल टाकलं. मायनं विचारलं काय झालं, तर सांगितलं, ठणका मारते. डोकं माझंच अर्धं आहे, याची मला खात्री पटत चालली होती. वाचनात पोरांच्या पुढे आणि ऐकण्यात ढ. एसटीत मी त्या माणसाची उत्तरं मनात म्हणायची आणि त्याला कोणी काय विचारलं असेल ते जुळवत बसायची.

असे महिने गेले. आणि मग तो दिवस, रियानं हात पुसला तो.

पोरं निघून गेली. सर स्टाफरूमला गेले. मी दप्तर भरत होते आणि डोक्यात मायचं वाक्य घुमत होतं. हा तुमचा. तुमच्याशिवाय कोनी घेनार नाई. सरांचंही तेच. शब्दाला शब्द तेच. इतके महिने मी ते अंगावर दागिन्यासारखं मिरवलं होतं. लाजेनं माझे कान तापले.

मी भिंतीकडे गेले. खिळ्यावरचा एक हेडफोन काढला, कॉम्प्युटरला लावला. तोच धडा सुरू केला.

उजव्या कानात बाई बोलली. "गुड मॉर्निंग. हाऊ मे आय हेल्प यू?" मग डाव्या कानात तो पुरुष. मग पुन्हा बाई. ती त्याला विचारत होती, किती रात्री राहणार, चहात साखर चालेल का. सगळं विचारत होती. पहिल्या दिवसापासून ती बोलतच होती.

माझ्या हेडफोनचा उजवा कान मेलेला होता.

मी तिथंच खाली बसले. रडले नाही. रडू आलंच नाही. एकच गोष्ट डोळ्यांपुढे येत होती. कोणाचा हेडफोन खरखरला तर सर उठायचे, त्याचा काढून आपल्या कानाला लावून पाहायचे, वायर हलवायचे, बदलून द्यायचे. माझा त्यांनी कधी कानाला लावला नाही. एकदा लावला असता तर तेव्हाच कळलं असतं. त्यांना माझ्या कानाची उणीव काढायला जमलं, माझा हेडफोन आपल्या कानाला लावायला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचा हेडफोन घेतला आणि मधल्या टेबलावर बसले.

सर आले. "बेटा, तुझा कुठे आहे?"

"सर, माझा कोणताच नाही. सगळे कॉलेजचे आहेत."

"वाद कशाला घालते?"

"वाद नाही घालत. ऐकून राहिली."

तास संपल्यावर मी तो हेडफोन खिळ्याला टांगला. सकाळी पाहिलं तर तो खिडकीत, पिशवीतल्या जुन्याच्या शेजारी. मग मी दुसरा घेतला. तोही खिडकीत गेला. तिसरा घेतला. आता मला जिद्दच चढली. रोज नवा घ्यायचा. भिंत रिकामी होत चालली, खिडकी भरत चालली. मनात म्हटलं, आता पाहू, किती वाळीत टाकता.

मला वाटलं होतं, त्यांचं अडेल. काय अडणार? पोरंपोरी घरून आपापले हेडफोन घेऊन आली. रियाचा गुलाबी. वडलांचं बाजारात कापडाचं दुकान, पोरीनं मागितलं आणि मिळालं. सरांचा जीव भांड्यात पडला. भिंत उघडी पडली तरी कोणाचं काही बिघडलं नाही.

परीक्षा झाली. वाचनात मी चांगल्या मार्कांनी पास. ऐकण्यात नापास. दोन्ही कानांनी मी कितीसे दिवस ऐकलं होतं? बाईचं बोलणं समजून घेईपर्यंत पुरुष पुढं निघून जायचा. निकाल सांगताना सर म्हणाले, "मी म्हणत होतो ना बेटा, कान तयार नाही."

मग प्राचार्यांनी बोलावलं. पालकांच्या तक्रारी गेल्या होत्या. माझ्या नाही, माझ्याबद्दल.

"हे बघ," प्राचार्य म्हणाले, "हेडफोन म्हणजे काही विहीर नाही. उगाच जातीचा विषय काढू नको. हायजीनचा प्रश्न आहे."

विटाळ म्हणायला आता लाज वाटते लोकांना. हायजीन म्हणायला वाटत नाही.

मी विचारलं, "सर, मग हायजीन माझ्या एकटीचीच काऊन?"

त्यांनी टेबलाच्या खणातून एक खोकं काढून माझ्यापुढे ठेवलं. नवा कोरा हेडफोन. वरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. "तुझ्यासाठी मुद्दाम मागवला. मला तुझं नुकसान करायचं नाही. कंपनी यायच्या आत तुझी फेरपरीक्षा घेतो. कोपऱ्यातल्या टेबलावर बस, शांतपणे पेपर दे, पास हो. विषय संपला."

मी खोकं हातात घेतलं. हलकं होतं. मला तो हेडफोन हवा होता. फार हवा होता. तो लावला असता तर मी पास झाले असते, हे मला माहीत होतं. पुढचं सगळं दिसत होतं. नागपूर, पगार, मायचं वावर सुटणं.

"सर, हा रियाला द्याल का?"

"तिला कशाला? तिच्याकडे आहे."

"मग दुसऱ्या कोणाला?"

"तुझ्यासाठी आणला म्हटलं ना."

मी खोकं खाली ठेवलं. "नवा नको, सर. मी सगळ्यांचा घेते, मध्ये बसते. घ्या फेरपरीक्षा."

"ते जमणार नाही."

"मग मी बसत नाही."

बाहेर आले. शौर्य वगैरे काही वाटलं नाही. आपल्या हातानं आपलं घर पेटवल्यासारखं वाटलं.

मायला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं.

"नवा होता न?"

"हो."

"दोनी कान चालनारा?"

"हो."

"मंग काऊन सोडला? मी नाई का पेत त्या गुंडातलं पानी? तहान त भागते न."

मायचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दिवसभर उन्हात वाकून राहणाऱ्या बाईला तहान लागते.

कंपनी आली आणि गेली. रिया पास झाली होती, पण ती मुलाखतीला गेलीच नाही. तिला नोकरी नकोच होती. मी आता मायबरोबर निंदायला जाते. बोटं सुजतात. इंग्रजी विसरत चालले आहे. एखाद्या दिवशी वाटतं, घ्यायला पाहिजे होता तो हेडफोन. हे वाटतं, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही.

दिवाळीनंतर पुन्हा परीक्षा आहे. जुन्या विद्यार्थ्यांनाही बसता येतं. मी जाणार आहे. पास होईन असं वाटत नाही, आणि झाले तरी कंपनी येईल याचा भरवसा नाही. तरी जाणार. हाताला लागेल तो हेडफोन घेणार आणि मधल्या टेबलावर बसणार. सर म्हणतील, बेटा, तुझी जागा तिकडे. म्हणू देत. मी माझ्या पायानं आता कोपऱ्यात जाणार नाही. न्यायचंच असेल तर सगळ्यांच्या देखत दंडाला धरून न्यावं लागेल. आणि त्यासाठी त्यांना मला शिवावं लागेल.