बैलाच्या तोंडी काकाजींचा आवाज

आमच्या फिल्ममध्ये एक बैल बोलतो. आवाज माझ्या काकाजींचा आहे, आणि आता तो फक्त त्या फिल्ममध्येच उरला आहे.

फिल्म छोटीशी, काळी-पांढरी. माझ्या मित्राच्या डोक्यातलं खूळ. पांढरकवड्याच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये रेनकोट घातलेला गुप्तहेर हरवलेल्या माणसाला शोधत येतो. साक्षीदार एकच, बैल. गुप्तहेर मित्र स्वतःच झाला, बैल काकाजींनी दिला. धुकं हवं म्हणून आम्ही ओला कडबा पेटवला आणि सगळे खोकत बसलो. बैलाचं तोंड हलावं म्हणून त्याला सरकीची ढेप चारत होतो. त्या शूटिंगमध्ये पोटभर जेवला तो एकटाच.

त्याला आवाज कोणाचा द्यायचा, यावर गाडं अडलं. तेव्हा नागपूरला काकाजींचं ऑपरेशन ठरलेलं होतं. जन्मभर चघळलेल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं घसा धरला होता आणि स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. मी भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "बोलतो ना. बैलाले खरंच बोलता आलं असतं तं त्यानं पहिले तुलेच शिव्या देल्ल्या असत्या."

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं शेकतात. मग घरचा कर्ता त्यांच्या कानाशी म्हणतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." फिल्ममध्ये आम्ही ते उलटं केलं. बैलच गुप्तहेराला जेवायला बोलावतो, आणि त्यानंतर गुप्तहेर कुठंच दिसत नाही. काकाजींनी ते वाक्य इतक्या मायेनं म्हटलं की हेडफोन लावून बसलेल्या माझ्या अंगावर काटा आला. काकू दारातून म्हणाली, "बैलाच्या तोंडून मानसाले आवतन? हे काई बरं नाई, बाप्पा." आम्ही हसण्यावारी नेलं.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला भोक, त्यातून श्वासाची शिट्टी. जीव वाचला म्हणून सगळे खूश होते, काकाजी सोडून. त्यांच्या एका हाकेवर वळणारा बैल आता त्या शिट्टीला बुजायचा, वेसण ओढल्याशिवाय जागचा हलायचा नाही. "तो आपल्याले ओळखत नाई, हेच त्याईच्या मनानं घेतलं," काकू मला म्हणाली. "धड जेवत बी नाईत."

मग पोळ्याची आदली संध्याकाळ आली. काकाजींनी बैलाचे खांदे सावकाश, जीव लावून शेकले. आवतनाची वेळ आली तशी काकू म्हणाली, "मी म्हनू का?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि माझ्यापुढं हात केला. त्यांना मोबाईल हवा होता. त्यातली फिल्म हवी होती. मी आधी काकूकडे पाहिलं. पण त्यांच्या डोळ्यांत इतकी आशा होती की मी आवतनाची ती जागा काढून दिली.

त्यांनी मोबाईल बैलाच्या कानाशी धरला. गोठ्यात त्यांचा भरदार आवाज घुमला, "आज आवतन घ्या..." आणि ते स्वतः मात्र तोंड मिटून समोर उभे होते. इतके महिने ज्यांना मी रोज भेटत होतो, ते मला त्या क्षणी परके वाटले.

बैलाचे कान ताठ झाले. जबडा थांबला. त्यानं मोबाईल हुंगला, चाटला आणि हंबरला. काकाजींचा चेहरा उजळला. पुढं होऊन त्यांनी त्याच्या गळ्यात हात टाकला, तसा तो शिट्टीला बिचकून मागं सरला. नजर मोबाईलवरच.

काकाजींनी मोबाईल मला परत दिला. मी घाईघाईनं तो बंद करून खिशात टाकला. मग त्यांनी हळदीनं माखलेल्या दोन्ही हातांनी बैलाचं तोंड स्वतःकडे वळवलं आणि घट्ट धरून ठेवलं. त्यांचे ओठ हलत होते, गळ्यातून नुसती हवा येत होती. हात सुटताच बैलानं मान फिरवली आणि माझ्या खिशाकडे बघत उभा राहिला.