पितराच्या पाटावर भिकनगीर

पडदा वर जातो तेव्हा आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, दुपार आहे. पांझरेचं पात्र कोरडं. वाळू इतकी तापलेली की पलीकडचं गाव पाण्यात असल्यासारखं हलतंय. डाव्या अंगाला कडुनिंब, त्याला झोके बांधलेले, आणि माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत झुलताहेत. उजव्या अंगाला घरांची ओळ. ज्या घरात कोणी गेलेलं आहे, त्या घराच्या ओसरीवर पाण्याने भरलेली मातीची घागर आणि तिच्या तोंडावर पिकलेलं डांगर, म्हणजे खरबूज. मधल्या गल्लीतून भगव्या फेट्याचा एक उंच, वाकलेला माणूस एका घरातून निघून दुसऱ्या घरात शिरतो. वाटेत त्याला कोणी हाक मारत नाही. त्या दिवशी तो कोणाच्या नावाने चाललाय, हे हाक मारणाऱ्याला ठाऊक नसतं ना.

हा भिकनगीर गोसावी. साक्रीच्या पुढच्या, पांझरेकाठच्या चार गावांचा पुजारी. एरवी महादेवाची पूजा, सत्यनारायण, बैलपोळ्याला बैलांना नारळ, असलं साधं काम. पण आखाजीला खानदेशात घरच्या मेलेल्या माणसाची घागर भरतात आणि त्याच्या जागी कोणालातरी पितर म्हणून जेवू घालतात. इतर गावांत भाऊबंद नाहीतर शेजारी बसतो. आमच्या चार गावांत मात्र वर्षानुवर्षं भिकनगीरच बसायचा. तो पाटावर बसला की घरची माणसं त्याला आबा म्हणत, नाना म्हणत, काकू म्हणत. पितराने बोलायचं नाही, चार घास खायचे, हात धुवायचे आणि निघायचं, एवढाच नियम.

मी तमाशात सोंगाड्या. उभी हयात दुसऱ्यांच्या चाली उचलण्यात गेली, त्यामुळे माझं लक्ष नको तिथे जातं. पुनाआबांच्या घरी भिकनगीर पाटावर बसताना डावा गुडघा आधी टेकवायचा, पुनाआबा टेकवायचे तसाच. बेबाबाईच्या सासूच्या नावाने बसला की पदर सावरल्यासारखा खांद्यावरून हात फिरवायचा. मला वाटलं, काय नकलाकार आहे हा. एकदा भाईदासनानांनी सगळ्यांसमोर त्याला टोचलं, की इतक्या घरचं पुरण खाऊन तुझं पोट कसं फुटत नाही.

"खास तुमना बाप," भिकनगीर म्हणाला, म्हणजे खातो तो तुमचा बाप. "मी नुसतं तोंड देस."

सगळे हसले. मीही हसलो. मग शेवंताबाईकडे नजर गेली. ती भिकनगीरची बायको. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. आखाजीनंतर पुनाआबांचा खोकला आषाढापर्यंत तिच्या घरात राही. एका वर्षी संध्याकाळी भिकनगीर उंबऱ्यावर बसून तिला रागावला, कपिलेला पाणी का पाजलं नाहीस म्हणून. तिच्या दारात गाय कधीच नव्हती. विचारत गेली तेव्हा गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला आठवलं, की कपिला नावाची गाय होती खरी, शेवंताबाईच्या जन्माच्याही आधी मेलेली. आम्ही रंगमंचावरून उतरलो की खोबरेल तेलाने तोंड पुसायचो आणि रंग निघून जायचा. याच्या तोंडाला रंगच नव्हता, मग पुसणार काय?

शेवंताबाईनेच खटपट केली. धुळ्याला देवपुरात नवी कॉलनी झाली होती. तिथे मदनलालशेठ आणि इतर कापडवाल्यांनी मिळून देऊळ बांधलं होतं. पुजाऱ्याला खोली, नळ, पंखा आणि महिन्याचा पगार. मुख्य म्हणजे त्या कॉलनीत भिकनगीरला पितर बसवणारं कोणी नव्हतं. सत्त्याऐंशीच्या आखाजीनंतर दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं.

आता धुरपदाबाई. तिचा नवरा चुडामण माझा मित्र. सुरतेला गिरणीत गेला, सुरुवातीला दिवाळीला यायचा, पुढे आलाच नाही. गिरणीतले काही म्हणत दिसला होता, काही म्हणत नाही. धुरपदाबाई कपाळावर ठसठशीत कुंकू लावायची, पण लग्नाकार्यात तिची ओटी भरावी की नाही, हे बायकांना ठरवता येत नसे. घागर भरावी तर भीती. जित्या माणसाची घागर भरली तर तो जिथे असेल तिथून ओढला जातो, अशी आमच्याकडे समजूत. त्यातून मार्ग एकच होता. भिकनगीर बसला आणि कोणी आलं, आमच्या बोलीत 'उना', तर चुडामण गेला. कोणी आलं नाही, तर आहे. दर आखाजीला ती पाट मांडायची. दर आखाजीला भिकनगीर तिच्या दाराशी थांबायचा, आत बघायचा आणि पुढे जायचा.

त्या वर्षी तिने गल्लीतच त्याची वाट अडवली. झोक्यावरच्या पोरींची गाणी थांबली.

"उद्या तुम्ही धुयाले जाशात," ती म्हणाली. "मंग मी कोणले इचारू? बठा, नहीते सांगी द्या का घरधनी जित्ता शे."

शेवंताबाईने लांबून मान हलवली, नको म्हणून. भिकनगीरने तिच्याकडे पाहिलं, चपला काढल्या आणि आत गेला.

आम्ही ओसरीवर दाटीने उभे. धुरपदाबाईने ताट वाढलं. खापरावरचे मांडे, आमरस, कुरडई, भजी. मी चुडामणच्या सगळ्या लकबी आठवून ठेवल्या होत्या. त्याचं मान तिरकी करणं, नाकातल्या नाकात गुणगुणणं. त्यातलं काहीच झालं नाही. भिकनगीर भिकनगीरसारखाच बसला. माझ्या शेजारी उभ्या पंडित नावाच्या पोराने सुटकेचा श्वास सोडला.

मग त्याने पहिला घास घेतला. आणि दुसरा, आणि तिसरा. इतर घरी तो चार घासांवर उठत असे. इथे मांडा संपला, दुसरा संपला. वाटी तोंडाला लावून त्याने रस ओतून घेतला, तो हनुवटीवरून छातीवर ओघळला, तरी हात थांबेना. चव घेत नव्हता, चावतही नव्हता. दुष्काळात सोडलेलं जनावर कडब्यावर तुटून पडतं, तसा जेवत होता. डोळे मात्र ताटावर नव्हते. ते धुरपदाबाईवर होते आणि एकदाही मिटले नाहीत. बाहेर एवढं ऊन, पण उंबऱ्याच्या आतून आमच्या पायांना गार लागत होतं. हे मी रंगवून सांगत नाही. पंडितने तर पाय मागे घेतला.

धुरपदाबाई वाढत राहिली. टोपलीतले मांडे संपले तशी ती त्याच्यासमोर खाली बसली आणि अगदी हळू, आपल्या माणसाशी बोलावं तसं बोलली.

"इतला दिन उपाशीच व्हतात का हो?"

पितराने बोलायचं नसतं. त्याने फक्त हात थांबवला. ती उठून आत गेली. आतून बांगड्या फुटल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा कपाळ पुसलेलं होतं. तिने तांब्या घेऊन त्याच्या हातावर पाणी घातलं, आणि मग बायकांनी रडायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी पिंपळनेरहून येणाऱ्या एसटीपाशी मी त्यांना पोचवायला गेलो. वळकटी, दोन ट्रंका, शेवंताबाई खिडकीशी बसलेली. पुढे देवपूरच्या देवळात मी त्याला दोनतीनदा पाहिलं. अंगावर स्वच्छ सोवळं, चेहरा शांत. प्रसाद हातावर ठेवायचा, हसायचा, बोलायचा मात्र नाही. चार वर्षांनी तिथेच गेला. म्हणून त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं त्या एसटीच्या दारातलंच. मी विचारलं होतं, काल बसलास, मग इतकी वर्षं का बसला नाहीस?

दांडा धरून तो वर चढला, वळला, आणि म्हणाला, "तिना कपायवरनं कुकू पुसानी मनी छाती नही व्हती. चुडामण तर पहिल्याच आखाजीले उना व्हता, भाऊ. इतला वरीस मीच त्याले तिना दारमा उपाशी उभा ठेवा."